नवीन नॅरोबॉडी घ्यायचं तर आधी इंजिन बघा, मग विमान (ओझरवाल्यांनी पण वाचा)

गोदाकाठ | रात्री ९:४०

इंडिगोने जून २०२३ मध्ये पॅरिसला एका दमात ५०० ए३२० फॅमिलीची ऑर्डर दिली, त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० सांगितली होती ज्यात २१० एअरबस नॅरोबॉडी आणि १९० बोइंग ७३७ मॅक्स, आणि आकासाने आधी ७२, मग ४, मग जानेवारी २०२४ ला हैदराबादच्या शोमध्ये अजून १५० मॅक्स. एवढे आकडे पेपरात येतात पण त्याच्यापुढं कुणी जात नाही. हेच विमान का, तेच इंजिन का, आणि निवड फसली तर काय होतं यावर मराठीत वाचायलाच फार काही मिळत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. समजा उद्या आपल्याकडच्या एखाद्या एअरलाइनला पन्नास-शंभर नवीन नॅरोबॉडी घ्यायचीयत, तर तिने विमान नंतर बघावं, आधी इंजिन बघावं, आणि त्यातही ते बिघडलं की कुठल्या शॉपमध्ये (इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात) उघडणार आणि किती दिवसांनी परत मिळणार हे सगळ्यात आधी विचारावं. तेलाची बचत ब्रोशरमध्ये सगळ्यांचीच छान असते. ए३२०निओ काय किंवा मॅक्स काय, जुन्या पिढीपेक्षा पंधरा ते वीस टक्के तेल कमी असं दोघंही सांगतात आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. आपल्याकडं विमानाच्या इंधनाचा खर्च एकूण खर्चाच्या ३५-४० टक्के जातो त्यामुळं ही बचत मोठीच आहे, नाही म्हणत नाही. पण विमान उभंच राहिलं तर ती बचत मिळणार कुणाला?

गो फर्स्ट डोळ्यासमोर आहे. निओचा सगळा ताफा प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू ११०० इंजिनांवर. इंजिनं दुरुस्तीला गेली ती वेळेत परत आली नाहीत, निम्म्याच्या आसपास विमानं जमिनीवर, आणि २ मे २०२३ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांनी दोष प्रॅटवर ठेवला, प्रॅटने तो मानला नाही, कोर्टकज्जे झाले, शेवटी जानेवारी २०२५ ला लिक्विडेशनचा (कंपनी मोडीत काढायचा) आदेश आला. एकेकाळची चांगली चालणारी कंपनी हो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ज्याने कर्जावर व्हीएमसी (धातू कापायचं) मशीन घेतलंय त्याला हे समजावून सांगायला नको, स्पिंडल जर्मनीला दुरुस्तीला गेला की मशीन बंद पण हप्ता चालू. विमानाचा हप्ता तर डॉलरमध्ये असतो.

तुमची मतं येऊ द्या. एअरबस, बोइंग, कुणीही चालेल, पण कारण द्या.

मुग्धा_इंदिरानगर | रात्री १०:०५

धागा आवडला. मला यातलं काही कळत नाही तरी विचारते. नॅरोबॉडी म्हणजे मधे एकच पॅसेज असलेलं, बरोबर ना? मग आम्हा बसणाऱ्यांना एअरबस आणि बोइंगमध्ये फरक काय पडतो? आणि दुसरं, दिल्लीच्या विमानात बसलं की सुटायच्या आधी पायाखालून करवत चालवल्यासारखा घर्रर्र घर्रर्र आवाज येतो, बंद होतो, परत येतो. आई बरोबर होती तर ती इतकी घाबरली की उतरायचं म्हणाली. ते काय असतं?

आकाशवेडा | रात्री १०:२२

मुग्धाताई, हो, एकच आईल, तीन-तीन सीट. एअरबसचं पोट थोडं रुंद आहे, ए३२० ची केबिन आतून साधारण ३.७ मीटर आणि ७३७ ची साधारण ३.५४, म्हणजे सहा सीटमध्ये वाटलं तर प्रत्येकाला साधारण एक इंच. खांद्याला ते जाणवतं. पुढची-मागची जागा मात्र विमानावर नाही, एअरलाइनने किती रांगा कोंबल्या त्यावर.

तो आवाज म्हणजे पीटीयू, पॉवर ट्रान्सफर युनिट. ए३२० मध्ये हायड्रॉलिकच्या तीन सिस्टिम असतात, हिरवी पिवळी आणि निळी. हिरवी आणि पिवळी यांच्यात दाब कमीजास्त झाला की हे युनिट मधे पडून दाब सारखा करतं. एका इंजिनावर टॅक्सी करताना (जमिनीवर चालताना) किंवा दुसरं इंजिन चालू करताना हमखास वाजतं. पूर्णपणे नॉर्मल आहे, आईंना सांगा की हा आवाज आला म्हणजे ती सिस्टिम तिचं काम करतेय.

मी शिरपूरला फ्लाइंग केलंय, सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) हातात आहे, टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवायचं ट्रेनिंग आणि परवानगी) बाकी आहे. म्हणून या धाग्यात मला जरा जास्तच रस आहे, कारण एअरलाइन कुठलं विमान निवडते त्यावर आमचं पुढचं सगळं ठरतं. ए३२० चं रेटिंग केलं की ए३१९, ए३२०, ए३२१ तिन्ही उडवता येतात आणि पुढं ए३३०, ए३५० वर जाताना कमी ट्रेनिंग लागतं. ७३७ वाल्याला ए३२० वर यायचं तर पहिल्यापासून सुरुवात, लाखांत खर्च. आणि सवयच वेगळी, एकात बाजूला छोटी साइडस्टिक आणि सगळं फ्लाय-बाय-वायर (इशारा कॉम्प्युटरमार्फत तारेने जातो), दुसऱ्यात समोर योक (स्टिअरिंगसारखा दांडा).

ओझरचा_निवृत्त | रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. मी ओझर मिगमध्ये (नाशिकजवळचा एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, विमान कारखाना) नोकरी केली, एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर. गोदाकाठ यांनी विषय चांगला काढला, पण इतिहास थोडा मागून धरायला पाहिजे.

भारतात ए३२० आलं ते १९८९ ला, इंडियन एअरलाइन्सकडे. तेव्हा हे विमान जगातच नवीन, पहिलं उड्डाण १९८७ चं. आपल्या लोकांनी काय केलं माहितेय का, घेताना मेन लँडिंग गिअरला दोनाऐवजी चार चाकं मागून घेतली. बाकी जगातल्या ए३२० ला प्रत्येक बाजूला दोन चाकं, आपल्याला चार, बोगी गिअर म्हणतात त्याला. कारण तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच धावपट्ट्या एवढा भार दोन चाकांवर सोसणाऱ्या नव्हत्या. चार चाकं केली की तोच भार जास्त जागेवर पसरतो. वजन वाढलं, देखभाल वाढली, पण विमान आपल्या धावपट्ट्यांवर उतरलं. ज्यांनी ते जुनं विमान जवळून पाहिलंय त्यांना आठवेल, पोटाखाली ती चार-चार चाकांची जोडी, लहान विमानाला मोठ्या विमानाचे पाय लावल्यासारखी दिसायची.

सांगायचा मुद्दा हा की निवड म्हणजे कॅटलॉगमधून बोट ठेवणं नव्हे. आपली जमीन, आपलं हवामान, आपली माणसं बघून विमान मागावं लागतं. आणि घाई केली तर किंमत मोजावी लागते. १४ फेब्रुवारी १९९० ला बंगलोरला आयसी ६०५ पडलं, ९२ माणसं गेली, नंतर अख्खा ए३२० ताफा उभा केला. चौकशीत वैमानिकांच्या चुका निघाल्या पण आम्हा लोकांत तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली, नवीन तंत्र घेताना माणसं त्याच वेगाने तयार करायला लागतात.

सिडको_विवेक | रात्री ११:४८

असहमत, आणि जरा सविस्तर लिहितो. (मी सीए आहे, लीजिंगच्या काही फायली हाताखालून गेल्यात.)

गोदाकाठ म्हणतात इंजिन आधी. मी म्हणतो तारीख आधी. आज तुम्ही एअरबसच्या दारात गेलात तर ए३२१निओ कधी मिळणार? पुढच्या दशकाच्या गोष्टी करतात. ऑर्डरबुक एवढं फुगलंय की इंजिनावर कितीही विचार केला तरी विमानच नाही. एअर इंडिया एक्सप्रेसने काय केलं बघा, चिनी एअरलाइनसाठी बनून पडलेली ७३७ मॅक्स, पन्नासच्या घरात, ती उचलली. आतल्या सीट दुसऱ्याच्या आवडीच्या, पण विमान २०२३ च्या शेवटापासून हातात यायला लागलं. धंदा असा चालतो. जो रूट आज रिकामा आहे तो तुम्ही सहा वर्षं इंजिन निवडत बसलात तर दुसरा घेऊन जातो.

दुसरं, सगळ्यांनी एअरबसच घेतलं तर एअरबस भाव खाणारच. दोन दुकानं असली की घासाघीस होते. आकासा बोइंगवर आहे म्हणून तुम्हा-आम्हाला आनंदच व्हायला पाहिजे.

आणि एअरबस काही धुतल्या तांदळासारखं नाही. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी काय झालं आठवतंय ना, ऑक्टोबरमध्ये जेटब्लू या अमेरिकी एअरलाइनच्या एका विमानाने हवेत अचानक नाक खाली घातलं होतं, कारण शोधलं तर एलॅक नावाच्या फ्लाइट कंट्रोल कॉम्प्युटरचा डेटा तीव्र सौर किरणोत्सर्गाने बिघडू शकतो असं निघालं, आणि जगभरातल्या सहा हजारांच्या आसपास ए३२० फॅमिली विमानांना सॉफ्टवेअर बदलायला लावलं. ऐन विकेंडला.

गोदाकाठ | सकाळी ७:३०

विवेकराव, तारखेचा मुद्दा मान्य, तो मोठाच आहे. पण एलॅकचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे असं मला वाटतं. दोष निघाला, बहुतेक विमानांना काही तासांत जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं, भारतातली विमानंसुद्धा एक-दोन दिवसांत मोकळी झाली. सॉफ्टवेअर काही तासांत होतं. प्रॅटचं जे झालं ते धातूतलं होतं, ते तासांत होत नाही.

२५ जुलै २०२३ ला प्रॅटच्या मालक कंपनीने जाहीर केलं की २०१५ च्या शेवटापासून २०२१ पर्यंत बनलेल्या काही इंजिनांच्या टर्बाइन डिस्कसाठी जी धातूची पावडर वापरली तिच्यात अशुद्धी आहे, त्यामुळं डिस्कला वेळेआधी तडा जाऊ शकतो. तपासायचं तर इंजिन पंखातून उतरवून पूर्ण उघडायला लागतं. एकेका इंजिनाला २५० ते ३०० दिवस लागतील असं त्यांनीच नंतर सांगितलं. तीनशे दिवस हो! आपल्याकडं इंडिगोची सत्तरच्या आसपास विमानं एकेकाळी उभी होती. इंडिगो मोठी, पैसेवाली, तिने भाड्याने विमानं आणून भोक बुजवलं. गो फर्स्टला ते जमलं नाही.

आणि हे अचानक आकाशातून पडलं नव्हतं. नोव्हेंबर २०१९ मध्येच डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) इंडिगोला सांगितलं होतं की ९७ निओंची इंजिनं बदला, लो प्रेशर टर्बाइनचा सुधारित भाग बसवा, नाहीतर ३१ जानेवारी २०२० नंतर उडू देणार नाही (मुदत नंतर वाढली). इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये पुढच्या २८० विमानांसाठी सीएफएम या दुसऱ्या कंपनीचं लीप इंजिन निवडलं होतं, २०२१ ला अजून ३१० साठी. म्हणजे विमान तेच, ए३२० च, पण इंजिन बदललं. हीच सोय मला महत्त्वाची वाटते. ए३२०निओला दोन इंजिनांत निवड करता येते. ७३७ मॅक्सला एकच, लीप १बी.

आकाशवेडा | सकाळी ८:१५

+१. आणि तो एकच का आणि तसाच का, ते पण सांगतो कारण मॅक्सची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

७३७ पहिल्यांदा उडालं १९६७ ला. तेव्हा इंजिनं बारीक असायची, आणि छोट्या विमानतळावर शिडी, लोडर काही नसलं तरी सामान हाताने चढवता यावं म्हणून विमान मुद्दाम बुटकं ठेवलं. पुढं इंजिनं जाड होत गेली कारण पंखा मोठा असेल तर तेल कमी जळतं. ए३२० उंच उभं आहे, त्याच्या लीप १ए चा पंखा ७८ इंचाचा, प्रॅटचा तर ८१ इंच. मॅक्सखाली एवढी जागाच नाही, म्हणून लीप १बी साधारण ६९ इंचावर थांबलं, तरीही ते पंखाच्या पुढं आणि वर सरकवून बसवायला लागलं. त्यामुळं काही परिस्थितीत नाक वर जायची प्रवृत्ती वाढली, ती दाबायला एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, ते एकाच सेन्सरवर विसंबून होतं, आणि वैमानिकांना त्याबद्दल नीट सांगितलंच नव्हतं. २९ ऑक्टोबर २०१८ लायन एअर, १० मार्च २०१९ इथिओपियन, ३४६ माणसं. भारतात मॅक्सला परत उडायची परवानगी मिळायला ऑगस्ट २०२१ उजाडला.

आज मॅक्स सुरक्षित आहे, एमकॅस बदललंय, दोन सेन्सर बघतं, ट्रेनिंग बदललंय. मला उद्या कुणी मॅक्सवर घेतलं तर आनंदाने जाईन. पण एअरलाइनने हे लक्षात ठेवायला पाहिजे की या सांगाड्यात पुढच्या इंजिनाला जागा उरलेली नाही.

सिडको_विवेक | सकाळी ९:०२

पण पुढचं इंजिन येईल तेव्हा नवीन विमानच येईल ना दोघांचंही. आज वीस-पंचवीस वर्षांसाठी घ्यायचंय. आणि लीप म्हणजे देवाचं इंजिन नाही, उष्ण आणि धुळीच्या हवेत त्याचंही आयुष्य कमी भरतं, फ्युएल नोझलला कार्बन धरतो, टर्बाइन ब्लेडचं सुधारित किट काढायला लागलं, १ए साठी ते मंजूर झालं डिसेंबर २०२४ ला. हे का लिहीत नाही?

गोदाकाठ | सकाळी ९:२०

लिहायला पाहिजे होतं, बरोबर आहे तुमचं. दोन्ही इंजिनांना आपली हवा सोसत नाही. मे महिन्यात नागपूर, अहमदाबाद, दिल्लीला ४४-४५ डिग्रीत धावपट्टीवर उभं राहून टेकऑफ करायचं म्हणजे इंजिन आतून भाजून निघतं आणि वर धूळ. म्हणून तर शॉप जवळ असणं हे मी पहिलं धरतो. सफ्रानचं (सीएफएममधली भागीदार कंपनी) लीपचं शॉप हैदराबादला झालंय, २६ नोव्हेंबर २०२५ ला उद्घाटन झालं, पूर्ण क्षमतेला वर्षाला ३०० इंजिनं उघडता येतील असं आहे. इंजिन बिघडणार हे धरूनच चालायचं, ते युरोपात रांगेत पडतं की हैदराबादला जातं एवढाच प्रश्न. आणि हे शॉप १ए आणि १बी दोघांसाठी आहे, म्हणजे विवेकराव तुमच्या मॅक्सलाही याचा फायदा.

स्वप्नाली_कॉलेजरोड | सकाळी ११:३५

माझं तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे, त्यामुळं मी दुसऱ्या टोकाने बघते. तुम्ही सगळे ए३२० की मॅक्स यावरच भांडताय, पण नाशिकला यातलं कुठलंच मापाचं नाही!

आपल्याकडं ओझरला काय काय येऊन गेलं बघा. डिसेंबर २०१७ ला उडानमध्ये १९ सीटचं छोटं विमान मुंबई-पुण्याला, मग २०१८ ला जेट एअरवेजचं ७३७ दिल्लीला, ती कंपनीच एप्रिल २०१९ ला बंद पडली. स्टार एअरचं बेळगावसाठी ५० सीटचं एम्ब्रेअर. मार्च २०२३ पासून इंडिगोचं एटीआर (बाहेर पंखे असलेलं छोटं विमान), ७८ सीट. आणि आता दिल्लीला ए३२०, १८० च्या वर सीट. मधे काहीच नाही. एकोणऐंशीवा माणूस आला की एकदम १८० सीटचं विमान आणायचं आणि ते भरायचं. नाही भरलं की एअरलाइन रूटच काढून टाकते, आणि मला फोनवर शिव्या. माझ्या एका क्लायंटच्या घरचं लग्न होतं, बंगलोरहून वीस-बावीस पाहुणे येणार, आठ दिवस आधी मेसेज आला की फ्लाइट ऑपरेशनल कारणाने रद्द. कुठली एअरलाइन ते सोडा. सगळी माणसं मुंबईला उतरवून कसारा घाटातून गाड्यांनी आणली, त्यातल्या दोघी सत्तरीच्या पुढच्या.

बंगलोर साडेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे इथून, एटीआर ताशी पाचशेने जातं म्हणजे पावणेदोन-दोन तास, आयटीवाला म्हणतो शिर्डी नाहीतर मुंबई बरी. मला १२० ते १५० सीटचं जेट पाहिजे. एअरबसचंच ए२२० आहे ना? ते का घेत नाही कुणी?

जानोरीकर | दुपारी १:१०

स्वप्नालीताईंशी सहमत पण मला पोट मोठं पाहिजे. आमच्या जानोरी-मोहाडी पट्ट्यात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. द्राक्ष समुद्राने जातं, रीफर कंटेनर भरला की जेएनपीटी, त्याला विमान लागत नाही. फुलाला लागतं. सकाळी काढलेलं फूल संध्याकाळी दिल्लीच्या मंडीत पोचलं तर भाव, नाहीतर पाणी. ए३२० ला कार्गोच्या पोटात कंटेनर घालता येतो, ७३७ ला सगळं सुटं रचायला लागतं असं ऐकलंय. सुटं रचलं की फुलांच्या खोक्यावर कुणाची तरी सुटकेस येते. एटीआरमध्ये तर बॅगाच कशाबशा बसतात.

आकाशवेडा | दुपारी १:४०

बरोबर ऐकलंय. ए३२० च्या पोटात एलडी३-४५ नावाचे बुटके कंटेनर जातात, पण एअरलाइनने तसा ऑप्शन घेतला असेल तरच, आणि आपल्याकडच्या लो-कॉस्टवाल्या सहसा सुटंच भरतात कारण विमान अर्ध्या-पाऊण तासात परत उडवायचं असतं. म्हणजे विमान योग्य असूनही उपयोग नाही, दादा.

गोदाकाठ | रात्री ८:५५

स्वप्नालीताई, ए२२० वर मी बरंच वाचलंय कारण मलाही ते फार आवडतं. मूळ बंबार्डियरचं सी सिरीज, २०१८ ला एअरबसने ताब्यात घेऊन नाव बदललं. दोन-तीन सीटची रचना, म्हणजे मधली सीट एकाच बाजूला. १३० ते १६० लोक बसतात, वजन ए३२० पेक्षा बरंच कमी, त्यामुळं कमी माणसांतही रूट तगतो. नाशिक-बंगलोर, नाशिक-कोलकाता, अगदी मापात.

पण त्याला इंजिन कुठलं? प्रॅटचं पीडब्ल्यू १५००, पीडब्ल्यू ११०० च्याच गिअर्ड टर्बोफॅन घराण्यातलं. आणि एम्ब्रेअरची ई२ मालिका? पीडब्ल्यू १९००, तेच घराणं. दोन्हीला दुसरा पर्यायच नाही. एअरबाल्टिक पूर्णपणे ए२२० वर चालते, तिची विमानं इंजिनाविना उभी राहिली, स्विसचीही राहिली, आणि हे कुठं तर थंड युरोपात. आपल्या धुळीत आणि उन्हात वीसेक ए२२० घेऊन एखाद्या नवीन कंपनीने धंदा सुरू केला आणि त्यातली सहा-सात इंजिनासाठी उभी राहिली की तिचं गो फर्स्ट व्हायला किती वेळ लागतो? मला नाशिकला हे विमान बघायचंय हो, मनापासून बघायचंय. पण मी त्या एअरलाइनच्या बोर्डावर असतो तर आज सही केली नसती. इंजिनाचा टिकाऊपणा सुधारतोय असं प्रॅट सांगतंय, ए३२०निओसाठी नवीन ॲडव्हान्टेज आवृत्ती आणतायत, ती दोन-तीन उन्हाळे काढू दे, मग बघू.

स्वप्नाली_कॉलेजरोड | रात्री ९:१५

म्हणजे तोपर्यंत नाशिकने काय करायचं? २०२७ ला सिंहस्थ आहे. कुंभाच्या गर्दीत १८० सीटही पुरणार नाहीत हे मलाही कळतं, पण कुंभ संपल्यावरचा मंगळवार कोण भरणार?

सिडको_विवेक | रात्री ९:३३

इथे मी गोदाकाठ यांच्या बाजूने येतो, आश्चर्य वाटेल. एकच प्रकारचं विमान मोठ्या संख्येने असलं की एअरलाइन तेच विमान सकाळी दिल्ली-नाशिक, दुपारी दिल्ली-पाटणा, रात्री दिल्ली-दुबई असं फिरवते. नाशिकचा मंगळवार निम्मा रिकामा गेला तरी विमान बाकीच्या फेऱ्यांत पैसे काढतं. वेगळं छोटं विमान आणलं की वेगळे वैमानिक, वेगळे सुटे भाग, वेगळं सिम्युलेटर. म्हणून ताई, तुमच्या मंगळवारचं उत्तर नवीन विमान नसून आठवड्यातून चार दिवस ए३२० आणि तीन दिवस एटीआर असं काहीतरी आहे. त्याला राज्य सरकारने थोडा हात दिला पाहिजे.

आणि लीजचं म्हणाल तर, गो फर्स्टच्या वेळी विमानं मालकांना परत मिळायला एप्रिल २०२४ उजाडला, दिल्ली हायकोर्टाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितली तेव्हा. तोवर विमानं भाड्याने देणारे भारतावर खार खाऊन होते. २०२५ ला केपटाउन कराराप्रमाणे (विमानाच्या मालकाचे हक्क जपणारा आंतरराष्ट्रीय करार) कायदा झाला म्हणून आता जरा विश्वास बसतोय. हे झालं नसतं तर कुठलंही विमान निवडा, भाडं जास्तच लागलं असतं.

ओझरचा_निवृत्त | रात्री १०:२०

आता ओझरचं लिहितो, कारण शीर्षकात आमचं नाव आहे आणि अजून कुणी त्यावर आलं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये एचएएल आणि एअरबसचा करार झाला, नाशिकला ए३२० फॅमिलीच्या देखभालीचं केंद्र उभं करायचं, एअरबस टूलिंग आणि सल्ला देणार. लोकांना वाटतं इंजिनं इथे उघडणार. तसं नाही, हे एअरफ्रेमचं काम. दर काही वर्षांनी विमान मोठ्या चेकला येतं, तेव्हा सीट काढतात, खालची फ्लोअर पॅनल काढतात, आणि आत टॉयलेट-गॅलीच्या खाली वर्षानुवर्षं सांडलेल्या चहा-पाण्याने गंज धरलाय का ते टॉर्च आणि आरसा घेऊन इंचाइंचाने बघतात. काम चिकाटीचं आहे. फायटरवर आम्ही तेच केलंय, मिग-२१ पासून सुखोईपर्यंत, इथे १९६४ पासून विमानाचं काम चालतं. आता तेजसची लाइन पण आहे.

पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. एक, फायटरचं हँगर आणि प्रवासी विमानाचं हँगर यांचा वेग वेगळा. हवाई दल वाट बघतं, एअरलाइन नाही बघत. चौदाव्या दिवशी विमान सोडतो म्हटलं तर चौदाव्या दिवशी सोडायलाच लागतं, त्या संध्याकाळचं तिकीट विकलेलं असतं. दोन, सही करायला डीजीसीएचं एएमई (विमान देखभाल अभियंत्याचं) लायसन्स पाहिजे, बी१ किंवा बी२, आणि त्यावर ए३२० टाइप चढवलेला पाहिजे. आमच्याकडं हात कसलेले आहेत, कागद कमी आहेत. नाशिकच्या पोरांनी आतापासून तिकडं वळलं पाहिजे. जीएसटी कौन्सिलने २०२४ ला विमानाच्या सुट्या भागांवर एकसारखा ५ टक्के कर केला, तो अडथळा गेला. आता माणसंच पाहिजेत.

म्हणून एअरलाइनने ए३२० निवडलं काय आणि ७३७ निवडलं काय, माझ्यासारख्याला त्याने फरक पडतो. शेकड्यांनी ए३२० देशात येणार आणि त्यांना दर काही वर्षांनी हँगर लागणार. ते काम श्रीलंका, सिंगापूरला जाण्यापेक्षा ओझरला यावं ही माझी फार इच्छा आहे.

गोदाकाठ | रात्री १०:४५

काका, मनापासून आभार. हेच वाचायचं होतं. अंबड-सातपूरला एवढे मशीनिंगवाले आहेत, त्यातल्या कुणाला ए३२० च्या टूलिंगचं, ग्राउंड सपोर्टच्या स्टँडचं, जॅकचं काम मिळू शकेल का? विमानात बसणारा भाग बनवायला मंजुरीला वर्षं लागतात ते ठाऊक आहे, पण हँगरमधलं सामान?

ओझरचा_निवृत्त | रात्री ११:०५

डॉक स्टँड, ट्रॉली, साधे फिक्स्चर इथून होऊ शकतं, लोड टेस्टचं सर्टिफिकेट आणि कॅलिब्रेशनची फाइल नीट ठेवली तर. जॅकला मी हो म्हणणार नाही, त्यावर अख्खं विमान उभं राहतं, ते एअरबसने मान्य केलेल्याकडूनच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुणाशी बोलायचं ते सांगतो.

मुग्धा_इंदिरानगर | रात्री ११:२०

सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यात दिल्लीला जायचंय. आता तिचाच प्रश्न आहे, आपल्या विमानाला कुठलं इंजिन आहे ते बसायच्या आधी बघून कळतं का?

आकाशवेडा | रात्री ११:३१

कळतं की. शिडीने चढायचं असेल तर चढता चढता इंजिनाच्या तोंडाकडं बघा. लीपला १८ ब्लेड असतात, काळसर कार्बन फायबरच्या, कडेला टायटॅनियमची चकचकीत पट्टी. प्रॅटला २०. एवढ्या लांबून मोजता नाही आल्या तर सुरू होताना लक्ष द्या. प्रॅटवालं इंजिन पेटायच्या आधी बराच वेळ नुसतं फिरवत ठेवतात, आतला शाफ्ट एका बाजूने गरम राहून किंचित वाकलेला असतो तो सरळ व्हावा म्हणून. आईंना खिडकीची सीट घ्या, पंखाच्या थोडी पुढची.